बेटकास्टिंग रीलचं लाईन गाईड: कुठलं डिझाईन कशासाठी घ्यायचं, आणि घेतल्यावर सांभाळायचं कसं

बेटकास्टिंग रील, म्हणजे रॉडच्या वर बसणारी आणि लाईन सुटताना जिचं स्पूल (लाईन गुंडाळली जाते ते चाक) फिरतं ती, घ्यायची म्हटली की आपल्या इंदुरातल्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असतात, बेअरिंग किती आणि गिअर रेशो काय. फार तर ड्रॅग (मासा जोरात ओढतो तेव्हा लाईन ताणाखाली सुटू देणारी यंत्रणा) किती किलोचा. पण रीलच्या तोंडाशी जी छोटीशी रिंग हँडल फिरवलं की डावीकडून उजवीकडे सरकत राहते, जिच्यातून तुमची सगळी लाईन बाहेर जाते आणि परत येते, त्या लाईन गाईडबद्दल फारसं कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आपण इकडे माळव्यात आणि नर्मदेवर जशी फिशिंग करतो, म्हणजे जलकुंभीनं भरलेल्या तलावात फ्रॉग (बेडकासारखा नकली चारा) टाकून मरळ, किंवा खडकाळ नदीत स्पूनवर (चमच्यासारख्या धातूच्या नकली चाऱ्यावर) महाशीर, त्यात दोन बेअरिंग कमी असले तरी काही अडत नाही, गाईड चुकीचं असलं की मात्र रोज अडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, ज्यांच्याकडे रील आहे त्यांनी ती समोर घेऊनच वाचा.

आधी ते फिरतं कसं ते बघा

साध्या लो प्रोफाइल (बसक्या आकाराच्या) रीलमध्ये हँडल फिरलं की मेन शाफ्टवरून छोटी गिअर फिरतात आणि गाईडच्या खालचा वर्म शाफ्ट फिरतो. वर्म शाफ्ट म्हणजे एक सळई, जिच्यावर जाणारे आणि येणारे असे एकमेकांना छेदणारे दोन आटे कोरलेले असतात. गाईडच्या पोटात एक बारीक तुकडा असतो, त्याला पॉल म्हणतात, त्याचं टोक अर्धचंद्रासारखं, ते या आट्यात बसतं. शाफ्ट फिरला की पॉल आट्यातून सरकतो, सोबत गाईडला नेतो, टोकाला पोचला की आपोआप वळून परतीच्या आट्यात शिरतो. म्हणून तुम्हाला काही न करता लाईन स्पूलवर सारखी गुंडाळली जाते.

ही सोय आधी नव्हती. १९व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंटकीमध्ये घड्याळ बनवणाऱ्या कारागिरांनी असल्या रील बनवल्या तेव्हा लाईन अंगठ्यानंच पसरवायला लागायची, आणि मिशिगनमधल्या कलामझूच्या विल्यम शेक्सपिअर ज्युनिअरनं १८९७ साली लाईन आपोआप सारखी पसरवणाऱ्या रीलचं पेटंट घेतलं. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, बदललं ते रिंगचं तोंड, तिचं मटेरियल आणि ती स्पूलपासून किती लांब बसवायची ते.

खरा मुद्दा कोनाचा आहे

डिझाईनच्या फायद्या-तोट्याकडे जायच्या आधी हे समजून घ्या, कारण कंपनीवाले जे काही सांगतात त्यातलं बरंचसं इथंच येऊन थांबतं.

समजा स्पूलची रुंदी २२ मिलीमीटर आहे आणि गाईड स्पूलपासून २५ मिलीमीटर पुढे आहे. गाईड बरोबर मध्ये उभं असेल आणि लाईन स्पूलच्या कडेवरून सुटत असेल तर ती साधारण २४ अंशात तिरपी होऊन रिंगमध्ये शिरते. आता तेच गाईड एका टोकाला जाऊन उभं आहे आणि लाईन दुसऱ्या टोकावरून सुटतीये असं धरा, कोन जातो थेट ४१ अंशावर. म्हणजे रील तीच, गाईड तेच, फक्त ते कुठे थांबलं होतं त्यावरून घर्षण कितीतरी वाढलं. आणि गाईड २५ ऐवजी ४० मिलीमीटर पुढे असतं तर हेच दोन आकडे १५ आणि २९ अंशाच्या आसपास आले असते. गाईड जितकं लांब तितकं लाईनला सोपं, पण लांब नेलं की रीलचं नाक वाढतं, हातात धरायला बोजड होते, म्हणून कंपन्या मध्ये कुठेतरी तडजोड करतात.

घर्षण वाढलं की नुसतं अंतर कमी होतं असं नाही. कास्टच्या, म्हणजे चारा लांब फेकायच्या, पहिल्या क्षणाला स्पूल सगळ्यात जोरात फिरत असतं, त्या वेळी लाईन रिंगच्या कडेला घासून थोडी जरी अडली तरी स्पूल आपल्या वेगानं फिरतच राहतं, मग जी लाईन बाहेर जायला हवी होती ती गाईडच्या मागेच फुगते, आणि पुढच्या क्षणी तुमच्या हातात गुंता. बरेच लोक अशा वेळी स्पूलचा ब्रेक वाढवत जातात आणि मग म्हणतात रील लांब टाकत नाही.

गाईडचे प्रकार, एकेक करून

*छोटी गोल रिंग, सिरॅमिक इन्सर्टवाली.* बहुतेक लो प्रोफाइल रीलमध्ये हीच येते. फायदा म्हणजे लाईन अगदी नेमकी पसरते, स्पूलवर कुठे डोंगर कुठे दरी होत नाही, त्यात हलणारा असा वेगळा भाग काही नाही म्हणून बिघडायचं काम कमी, आणि स्वस्तातल्या रीलमध्ये पण चांगली मिळते. सैल लाईन गुंडाळताना छोटी रिंग तिला थोडा ताण पण देते, टॉपवॉटरवर (पाण्याच्या वरच चालणाऱ्या चाऱ्यावर) सारखे झटके देणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. तोटा वर सांगितला तोच, कोन, आणि दुसरा तोटा गाठीचा. ब्रेडला (विणलेल्या लाईनला) टोकाशी लीडर (दुसऱ्या लाईनचा तुकडा) जोडला असेल तर ती गाठ कास्टच्या वेळी या छोट्या भोकातून जाताना टक्कन लागते, गाठ जाड असेल तर कधी कधी लीडर तिथंच तुटून लुअर (नकली चारा) एकटाच पाण्यात जातो. हलका लुअर टाकत असाल तर प्रत्येक वेळी हा धक्का जाणवतो.

*फनेलसारखी, आतून रुंद तोंडाची रिंग.* ही दिसायला गोलच, पण स्पूलच्या बाजूचं तोंड पसरट असतं, लाईन कडेवरून आली तरी धारेवर न घासता गुळगुळीत उतारावरून आत शिरते. मला स्वतःला हे डिझाईन फार आवडतं, कारण साध्या रिंगचा टिकाऊपणा तसाच राहतो आणि कोनाचा त्रास बऱ्यापैकी कमी होतो. तोटा म्हणावा असा एवढाच की भोक सगळ्यात अरुंद जिथं आहे तिथं गाठ लागायची ती लागतेच. फोटोत हे कळत नाही, रील हातात घेऊन स्पूलच्या बाजूनं डोकावून बघावं लागतं.

*उंच, उभट खाच किंवा दोन उभे खांब.* जुन्या गोल रीलमध्ये, आणि अजूनही बऱ्याच गोल रीलमध्ये, हे दिसतं. स्पूल भरलेलं असताना लाईन वरून सुटते आणि अर्धं रिकामं झालं की खालून, उभ्या खाचेत ती वरखाली होऊ शकते म्हणून त्या दिशेचा कोन कमी, गाठीपण सहज जातात. आडवी रुंदी कमी म्हणून लाईन पसरते पण छान. पण इथं मटेरियल तपासा. नुसता क्रोम चढवलेला धातू असेल आणि तुम्ही ब्रेड वापरणार असाल तर एखाद्या सीझनमध्येच त्यावर बारीक चरा पडायला लागतो, मग तोच चरा उलट लाईन कापतो. मोनोसाठी (एकाच धाग्याच्या नायलॉन लाईनसाठी) मात्र हे डिझाईन उत्तम, तळाला रोहू-कटल्यासाठी १५-२० पाउंड ताण पेलणारी मोनो लावून बसणाऱ्यांनी दुसरं काही शोधूच नये.

*टी आकाराचं, फिरणारं गाईड.* डायवा कंपनीचं टी-विंग हे यातलं सगळ्यात माहितीतलं. वरचा भाग रुंद, खालची खाच अरुंद, इंग्रजी टी अक्षरासारखं. अंगठ्यानं क्लच (स्पूल मोकळं करणारी कळ) दाबला की गाईड पुढे झुकतं आणि लाईन वरच्या रुंद भागात येते, कास्ट त्या मोकळ्या तोंडातून होतो, मग हँडल फिरवलं की गाईड परत उभं राहतं, लाईन खालच्या खाचेत पडते आणि नेमकी गुंडाळली जाते. म्हणजे जाताना रुंद, येताना अरुंद, दोन्हीकडचा फायदा. कोनाचा त्रास खरंच कमी होतो, लीडरची गाठ न अडखळता जाते, आवाजातला फरक पण कळतो, रिंगवर घासल्याची ती खरखर जवळपास येत नाही.

तोटे पण खरे आहेत. हलणारा भाग वाढला म्हणजे धूळ आणि वाळू जायला जागा वाढली, आणि आपल्याकडे मे महिन्यात नदीकाठी जी बारीक धूळ उडते ती कुठेही शिरते. लाईन पूर्ण सैल असताना हँडल फिरवलं तर ती कधी कधी खाचेत न पडता वरच राहते आणि दोन-चार वेढे एकाच जागी चढतात, म्हणून कास्टनंतरचा पहिला वेढा जरा ताण देऊनच घ्यायची सवय लावावी लागते. किंमत जास्त, आणि कुठला भाग तुटला तर साध्या रिंगपेक्षा सुटा भाग मिळायला अवघड.

*गाईडच नाही.* आबू गार्सियाच्या अँबॅसेडर मालिकेतली सीटी मॉडेल्स अशी येतात, समुद्रकिनाऱ्यावरून लांब कास्ट करणाऱ्यांसाठी. घासायला काही नाही, वर्म नाही, पॉल नाही, मोठा मासा पळाला तरी लाईन सरळ पहिल्या रॉड गाईडकडे (रॉडवरच्या रिंगकडे). पण गुंडाळताना लाईन डाव्या अंगठ्यानं तुम्हालाच पसरवायची, अंधारात, थकलेल्या हातानं, मासा जोर करत असताना सुद्धा. एका बाजूला ढीग झाला की तो ढीग फ्रेमला घासतो आणि रील जाम. आपल्याकडच्या तलाव-नदीच्या अंतरासाठी मी हे कोणाला सुचवणार नाही.

आता एक टेस्ट करा: गाईड स्पूलसोबत फिरतं का?

हे कुठल्याही दुकानात अर्ध्या मिनिटात होतं. क्लच दाबा म्हणजे स्पूल मोकळं होईल, मग अंगठ्यानं स्पूल हळूच फिरवा आणि गाईडकडे बघा. गाईड जागेवरच उभं राहिलं तर ते कास्टच्या वेळी सुटणारं, बहुतेक लो प्रोफाइल असेच असतात. स्पूलसोबत सरकायला लागलं तर ते जोडलेलं, सिंक्रोनाइज्ड म्हणतात तसलं, हे मोठ्या गोल रीलमध्ये जास्त.

सुटणाऱ्याचा फायदा म्हणजे कास्टच्या वेळी स्पूलला वर्म शाफ्टचं ओझं ओढावं लागत नाही, हलके लुअर लांब जातात. जोडलेल्यात स्पूलला सगळी यंत्रणा फिरवत जावं लागतं, त्यात वर्म घाण असेल तर कास्टच मरतो, आणि पॉल पण लवकर झिजतो. पण जोडलेल्याचा एक फायदा असा आहे जो मोठ्या माशाशी गाठ पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. सुटणाऱ्या गाईडमध्ये मासा ड्रॅगवर लाईन ओढतो तेव्हा हँडल तर फिरत नसतं, म्हणून गाईडपण हलत नाही, ते जिथं असेल तिथंच उभं आणि स्पूलवरची लाईन मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत सुटत राहते. म्हणजे तो ४१ अंशाचा कोन आता पूर्ण ड्रॅगच्या ताणाखाली, रिंगवर आणि पॉलवर. चाळीसेक मीटर एका दमात पळणाऱ्या महाशीरसमोर हे असं होतं. जोडलेलं गाईड लाईनसोबत सरकत राहतं, कोन लहानच राहतो.

म्हणून माझा सरळ हिशोब: लुअर टाकणाऱ्यांनी सुटणारं घ्यावं, आमिष लावून तळाला बसणाऱ्यांनी आणि खरोखर मोठ्या माशामागे असणाऱ्यांनी जोडलेल्याचा विचार करावा.

कोणी काय घ्यावं

मरळसाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याला हिंदीत सांवल म्हणतात, तुम्ही ४० ते ६५ पाउंड ब्रेड थेट फ्रॉगला बांधता, लीडर नसतो, कास्ट फार लांबचा नसतो, पण झाडीतून नेमका भोकात टाकायचा असतो आणि चावल्यावर पूर्ण जोर लावून ओढायचं असतं. इथं टी आकाराचा फायदा जवळपास वाया जातो. साधी किंवा फनेल रिंग घ्या, इन्सर्ट मात्र कडक हवा, झिर्कोनिया किंवा सिलिकॉन कार्बाइड लिहिलं असेल तर डोळे मिटून घ्या, ॲल्युमिनियम ऑक्साइड पण चालतो. नुसती प्लॅस्टिकची किंवा पातळ क्रोमची रिंग अजिबात नको. शिवाय ब्रेडला चिकटून जलकुंभीच्या मुळांचे तंतू येतात, गोल रिंग ते तोंडाशीच खरवडून थांबवते, बोटानं काढून टाकता येतात, अरुंद खाचेत ते आत जाऊन अडकतात.

नर्मदेवर स्पून किंवा प्लग (माशासारखा कडक लुअर) टाकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. लांब कास्ट, स्पूलवर ब्रेड, टोकाला लीडर कारण खडकावर ब्रेड टिकत नाही. इथं टी आकाराचं किंवा मोठ्या तोंडाचं गाईड पैसे वसूल करून देतं. तेवढं बजेट नसेल तर लीडरच थोडा कमी ठेवा, म्हणजे लुअर टाकायला लटकवल्यावर गाठ रीलच्या गाईडच्या बाहेर, रॉडवर कुठेतरी राहील, आतमध्ये गुंडाळलेली नको. हा उपाय फुकट आहे आणि अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

विषय निघालाच आहे तर सांगतो, महाशीर हा २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे आणि नद्यांमधून फार कमी झालाय, मिळाला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या. १६ जून ते १५ ऑगस्ट राज्यात मासेमारी बंद असते, ते पाळाच. धरणं-तलाव बहुतेक ठेक्यावर किंवा सोसायटीकडे असतात, आधी विचारा. सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहेत, तिकडे पक्ष्यांना त्रास होईल असं काही नको, तुटलेली लाईन तर कुठेच सोडू नका. आणि महेश्वरला घाटावर लोक नर्मदामैयाची पूजा करत असतात तिथं रॉड काढू नये, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

घेताना दुकानात काय तपासायचं

मोबाईलचा टॉर्च लावून रिंगच्या आतून बघा, कुठे टवका किंवा बारीक तडा आहे का. डोळ्याला दिसत नसेल तर कान साफ करायच्या काडीचा कापूस रिंगच्या आतून गोल फिरवा, तडा असेल तिथं कापसाचा एखादा धागा अडकून राहतो. नव्या रीलमध्ये पण करा, सेकंड हँड असेल तर केल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग हँडल अगदी हळू फिरवत गाईड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. दोन्ही टोकांवर वळताना लक्ष द्या, तिथं थोडंसं जाणवतं ते चालतं, पण अडकून मग उडी मारल्यासारखं वळत असेल तर पॉल किंवा वर्म झिजलाय. गाईड चिमटीत धरून डावी-उजवी हलवा, केसभर खेळ असतोच, जास्त खडखडत असेल तर सोडून द्या. आणि शेवटी हे बघा की गाईड दोन्ही बाजूला स्पूलच्या कडेपर्यंत सारखंच जातंय का. एका बाजूला आधीच वळत असेल तर त्या बाजूला लाईनचा कायम खड्डा राहणार.

लाईन भरताना

लाईनचं टोक आधी रॉडच्या गाईडमधून, मग रीलच्या लाईन गाईडमधून, आणि मगच स्पूलला बांधायचं. टी आकाराचं असेल तर हँडल थोडं फिरवून गाईड उभं करून घ्या आणि लाईन खालच्या खाचेतून गेलीये ना ते बघून मगच पुढे जा.

ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधला तर सगळा गठ्ठाच स्पूलवर घसरतो, तुम्हाला वाटतं ड्रॅग खराब झाला. आधी थोडी मोनो भरा, स्पूल पूर्ण एकदा झाकेल एवढी, तिच्यावर ब्रेड जोडा. भरताना कोणाला तरी विकत आणलेल्या लाईनचं रीळ धरायला सांगा किंवा ओल्या फडक्यात लाईन चिमटीत धरून चांगल्या ताणात भरा. सैल भरलेला ब्रेड मासा ओढतो तेव्हा खालच्या थरात रुततो आणि पुढच्या कास्टला तिथंच कचकन थांबतो. काही रीलमध्ये गाईड हळू सरकतं, वेढे अगदी शेजारी-शेजारी बसतात, ते दिसायला सुंदर पण त्यात ब्रेड जास्त रुततो. गाईड जोरात सरकत असेल तर वेढे एकमेकांना तिरपे छेदतात आणि रुतणं कमी होतं. तुमच्या रीलला पहिली सवय असेल तर ताणावर जास्तच लक्ष द्या.

काठोकाठ भरू नका, कडेपासून दोनेक मिलीमीटर खाली थांबा.

कास्टच्या आधीची ती एक सवय

सगळ्या लेखातलं हे एकच केलंत तरी चालेल. सुटणारं गाईड असेल तर कास्ट करायच्या आधी ते मध्यावर आणा. वरचा हिशोब आठवा, मध्यावर असताना सगळ्यात वाईट कोन २४ अंश, टोकाला असताना ४१. पैसे न घालता एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही.

करायचं असं. लुअर जवळ आला की शेवटचे वेढे घेताना नजर एकदा गाईडवर टाका. लुअर रॉडच्या टोकापासून लटकवायच्या अंतरावर आला तेव्हा गाईड कडेला असेल तर अजून थोडं गुंडाळा किंवा थोडी लाईन सोडून परत घ्या, लटकणं एखादी वीत कमी-जास्त झालं तरी कास्ट बिघडत नाही. आपल्या रीलचं गाईड एका कडेहून दुसऱ्या कडेला जायला हँडलचे किती फेरे लागतात ते एकदा घरी मोजून ठेवा, मग अंदाज बसतो. थोड्या दिवसांनी हात आपोआप करतो.

सराव पाण्यावर करू नका, मैदानात करा. लोकमान्य नगर, सुदामा नगरकडे राहणाऱ्यांना दसरा मैदान जवळ आहे, सकाळी लवकर, माणसं यायच्या आधी, गळ नसलेला १५ ग्रॅमचा प्लॅस्टिकचा प्लग लावून. आधी स्पूल टेन्शनची (स्पूल किती सहज फिरावं ते ठरवणारी) चावी अशी लावा की क्लच दाबल्यावर वजन हळूहळू खाली उतरेल आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल जवळपास लगेच थांबेल. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवा. मग एकदा गाईड मध्यावर ठेवून टाका, एकदा मुद्दाम कडेला ठेवून टाका, आणि दोन्ही वेळचा आवाज ऐका, लाईन कडेला घासते तेव्हा आवाज चिरका होतो. हा आवाज एकदा कानात बसला की ब्रेक कमी करायचा का गाईड बघायचं हे तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

साफसफाई आणि पॉल काढणं

रील धुताना लोक स्पूल आणि बेअरिंगच्या मागे लागतात आणि वर्म शाफ्ट तसाच राहतो, जो खरंतर सगळ्यात उघडा भाग आहे, ओल्या लाईनचं पाणी आणि माती थेट त्याच्यावरच पडते. प्रत्येक फेरीनंतर जुन्या मऊ टूथब्रशनं आटे झाडा, सुक्या फडक्यानं पुसा, हलक्या तेलाचा एक थेंब टाका आणि हँडल फिरवून गाईड दोन-तीनदा आर-पार न्या. रीलचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. घट्ट ग्रीस इथं नको, माळव्यातली काळी माती उन्हात वाळून पिठासारखी होते आणि ग्रीसमध्ये बसली की तीच आटे घासून खाते. खोबरेल तेल तर नकोच, थंडीत इकडे ते गोठतं.

पॉल वर्षातून एकदा तरी बाहेर काढून बघा. पांढरं फडकं अंथरा, कारण वस्तू तांदळाच्या दाण्याएवढी आहे. गाईडच्या खाली किंवा मागे एक छोटी टोपी असते, ती स्क्रू ड्रायव्हरनं किंवा रीलसोबतच्या पान्यानं उघडा. रील तिरकी केली की पॉल बाहेर पडतो, काहींमध्ये सोबत एक पातळ वॉशर पण असतो, तो हरवू नका. आता पॉलचं टोक उजेडात धरा. चांगल्या पॉलचं अर्धचंद्री पातं दोन्ही बाजूंनी सारखं जाड असतं. झिजलेल्याचं पातं एका बाजूला पातळ होऊन निबसारखं टोकदार दिसतं, किंवा कडेला चकाकणारी सपाट जागा दिसते. तसं दिसलं तर तो परत घालू नका, कारण झिजलेला पॉल पुढे वर्म शाफ्टचे आटे बिघडवतो आणि शाफ्ट पॉलपेक्षा खूप महाग.

परत बसवताना पातं आट्यात बसवा, वॉशर ठेवा, टोपी हलक्या हातानं लावत असतानाच हँडल किंचित पुढे-मागे फिरवा, पॉल आपली जागा घेतो ते बोटाला कळतं. मगच टोपी घट्ट करा, ती पण जोर न लावता. पॉल आट्यावर तिरका बसलेला असताना टोपी आवळली तर पातं वाकतं.

टी आकाराच्या गाईडला अजून एक काम, ते जिथं झुकतं त्या दोन्ही सांध्यांवर ब्रश फिरवा, आणि क्लच दाबून-सोडून बघा, झुकणं आणि उभं राहणं एका झटक्यात व्हायला हवं. संथपणे होत असेल तर आत धूळ आहे.

काही अडलं तर

लाईन एकाच बाजूला ढीग होत असेल तर गाईड त्या बाजूला अडकतंय, वर्म साफ करा, पॉल बघा. मध्येच उंचवटा होत असेल तर बहुतेक तुम्ही सैल लाईन गुंडाळताय, रीलच्या पुढे लाईन अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ताण द्या. ब्रेड एकाच ठिकाणी सारखा फुगलेला, लव निघालेला दिसत असेल तर रिंग तपासा, कापसाची टेस्ट परत करा, आणि सोबत रॉडचे गाईड पण, कारण चरा तिथंही असू शकतो.

गाईड एका टोकाला जाऊन थांबलं, परत येतच नाही आणि हँडल जड झालं, तर जोर लावू नका. लाईन सोडा, हँडल थोडं उलटं फिरत असेल तर फिरवून बघा, नाहीतर टोपी उघडून पॉल काढा. बहुतेक वेळा वाळूचा कण किंवा तुटलेल्या लाईनचा तुकडा आट्यात बसलेला असतो, सुईनं निघतो. पॉलचंच टोक तुटलेलं निघालं तर नवा मागवा, मॉडेल नंबर बऱ्याच रीलच्या पायाखाली किंवा बाजूच्या प्लेटवर असतो, तो पूर्ण लिहून द्या, मागचे अक्षर-आकडे पण, कारण एकाच नावाच्या रीलच्या दोन पिढ्यांचे पॉल एकमेकांना लागतीलच असं नाही. इंदुरात सुटे भाग पटकन मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात, म्हणून मागवतानाच दोन मागवा आणि एक टॅकल बॉक्समध्ये टेप लावून ठेवा.